खाल्ल्या मिठाला जागणारे शहर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहून यावे, याची एक यादी आपल्याकडे ठरून गेलेली आहे. नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टनच्या पांढऱ्याशुभ्र सरकारी इमारती आणि मुले बरोबर असली तर डिस्नेची मायानगरी. एवढे पाहून झाले की यात्रेचे पुण्य पदरात पडते. या यादीत डेट्रॉइटचे नाव नसते. मी डेट्रॉइटला निघालो आहे असे कळताच आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक मोठ्या सहानुभूतीने म्हणाले, "अरेरे! मग निदान नायगारा तरी करून या."

मी नायगारा केला नाही. भाच्याच्या घरी तीन आठवडे राहिलो आणि त्यातले चांगले चार दिवस एका म्हाताऱ्या ट्रकच्या इंजिनावर हातदिवा धरून उभा होतो. पण डेट्रॉइट हे शहर मला जे काही थोडेफार कळले, ते त्या हातदिव्याच्या उजेडातच कळले, असे आज वाटते.

डेट्रॉइट म्हणजे मोटारीचे माहेर. १९१३ साली या शहराच्या पोटातच असलेल्या हायलंड पार्क या छोट्या गावी फोर्डने चालत्या साखळीवर मोटारी जुळवायला सुरुवात केली. ज्या सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तास लागत, तो वर्षभरात दीड तासात उभा राहू लागला. १९१४ च्या जानेवारीत कामगाराला दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा झाली आणि माणसांचा लोंढा इकडे वळला. १९५० च्या शिरगणतीत शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. २०२० च्या शिरगणतीत ती ६ लाख ३९ हजार भरली. म्हणजे सत्तर वर्षांत तिघांतले दोघे उठून गेले! २०१३ साली तर महानगरपालिकेनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. इथले राजवाड्यासारखे रेल्वे स्टेशन १९८८ साली शेवटची गाडी सुटल्यावर तीस वर्षे भग्न होऊन उभे होते. ते दुरुस्त होऊन २०२४ साली पुन्हा उघडले. पडके घर आणि नवे छप्पर एकाच गल्लीत दिसावे, असे हे शहर आहे.

माझा भाचा शहराच्या नैर्ऋत्येला, ॲलन पार्क नावाच्या उपनगरात राहतो. ठेंगणी विटांची घरे, घरापुढे हातरुमालाएवढी हिरवळ आणि बाजूने गाडी आत घेण्याची सिमेंटची वाट. जवळच्या हमरस्त्याच्या कडेला ऐंशी फूट उंचीचे एक मोटारीचे टायर उभे आहे. हे टायर १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आकाशपाळणा होते आणि त्याच्या पाळण्यांत बसून लोक वरखाली करीत. १९६६ साली ते इथे आणून उभे केले. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो, इथे टायर आहे! ज्याचे त्याचे दैवत.

पण या गावाची खरी गंमत जमिनीच्या वर नाही, खाली आहे. डेट्रॉइट आणि त्याला लागून असलेल्या डिअरबॉर्न, मेल्विंडेल, ॲलन पार्क या वस्त्यांच्या खाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि मीठ मागे ठेवून गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी विहिरीसारखा खोल मार्ग खणून माणसे त्या मिठापर्यंत पोचली. आज खाली मिठाच्याच भिंती, मिठाचेच खांब आणि त्यांच्यामधून धावणारे मैलोन्‌मैल रस्ते आहेत. हिवाळ्यात वरचे रस्ते बर्फाने गोठले की हेच मीठ त्यांच्यावर ओततात. मिठाने बर्फ वितळते, वाहतूक सुरळीत चालते आणि तेच खारे पाणी गाड्यांच्या पोटाखाली उडून लोखंड कुरतडीत बसते. वर मोटारी घडवणारे शहर आणि त्याच्याच तळघरात मोटारी खाणारे मीठ! आपल्याकडे माणसे मीठ खातात आणि खाल्ल्या मिठाला जागतात. इथे मीठच गाड्यांना खाते.

भाच्याच्या घराच्या वाटेवर उभा असलेला पिकअप ट्रक हे या खाण्याचे जिवंत उदाहरण होते. पुढे मोटारीसारखी बसायची जागा, मागे उघडा हौदा आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचे इंजिन. वय अठरा वर्षे. दाराच्या खालच्या कडा गंजाने जाळीदार झालेल्या. भाचा मोटारींच्या आतल्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. त्याला असला ट्रक कशाला हवा, असे मी विचारले. तेव्हा कळले की इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे मखर, सतरंज्या, ढोल-ताशे आणि दोनशे माणसांच्या प्रसादाची भांडी वाहून नेणारा हा एकमेव ऐरावत आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले आणि त्याने तो भाच्याला अगदी कमी किमतीत देऊन टाकला.

हा म्हातारा पोलंडहून आलेल्या कुटुंबातला. उभा जन्म एका ओतशाळेत काढलेला. दिसत फारसे नाही, पण व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या तो कानाने ओळखतो. मी गेलो त्याच आठवड्यात तो भाच्याला म्हणाला, "बाबा रे, तुझ्या गाडीला टिकटिक लागली आहे. सकाळी असते, दुपारी नसते. मॅनिफोल्ड गळतोय."

मी मराठीचा मास्तर. मॅनिफोल्ड या शब्दाचा अर्थ 'अनेकविध' असा मला ठाऊक होता. तो गळतो हे ठाऊक नव्हते. भाच्याने समजावून सांगितले ते असे. आठ सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, एकेका बाजूला चार चार. प्रत्येक सिलिंडरात इंधन जळले की तापलेला धूर एका भोकातून बाहेर पडतो. त्या चार भोकांवर बसवलेले चार तोंडांचे आणि एका शेपटीचे ओतीव लोखंडाचे नळकांडे म्हणजे मॅनिफोल्ड. चार घरांचे सांडपाणी एका गटारात सोडावे, तशातला प्रकार. हे नळकांडे बिडाचे, म्हणजे आपल्या धिरड्याच्या तव्याच्या जातीचे. आणि ते ज्याला बोल्टांनी आवळलेले असते तो इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. दररोज तापणे आणि दररोज निवणे, त्यात मिठाचा गंज. अठरा वर्षांच्या या ओढाताणीत मॅनिफोल्ड वाकतो, टोकाचे बोल्ट तुटतात आणि फट पडते. गार इंजिनात त्या फटीतून धूर टिचक्या मारीत निघतो. इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असले तर एका सिलिंडरच्या सेकंदाला पाच टिचक्या. लोखंड तापून पसरले की फट मिटते आणि आवाज नाहीसा होतो. म्हणून सकाळी टिकटिक आणि दुपारी शांतता! म्हाताऱ्याचे निदान एखाद्या जुन्या वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे अचूक होते.

इथवर सारे गमतीचे होते. पण भाच्याची सहा वर्षांची मुलगी, जिच्यामुळे मला चाळिशीतच आजोबापद मिळाले, ती पलीकडून म्हणाली, "त्या गाडीत माझं डोकं दुखतं." घर एकदम गप्प झाले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. गळका मॅनिफोल्ड तो बॉनेटखालीच सोडतो आणि तिथून तो बसायच्या जागेत येऊ शकतो. डोके त्यानेच दुखले होते की उन्हाने, हे सांगणे कठीण, पण सूनबाईने किल्ली उचलून कपाटात ठेवली आणि शांतपणे सांगितले, "दुरुस्त होईपर्यंत ही गाडी हलणार नाही. नाहीतर विकून टाका."

गॅरेजात विचारले तर त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या निम्म्या किमतीहून जास्त होता. कारण उघड होते. काम मॅनिफोल्डचे नसते, तुटलेल्या बोल्टांचे असते. ते निघाले तर दोन दिवसांचे काम. न निघाले तर इंजिनाचा अख्खा माथा उतरवावा लागतो. मित्रांनी सल्ला दिला की गाडी भंगारात दे. भाच्याने चार रात्री पुस्तके वाचली आणि जाहीर केले, "मामा, आपण घरीच करू."

'आपण' हा शब्द ऐकून मी दचकलो. आमच्या घराण्यात पंख्याचे बटण बदलायलाही माणूस बोलावतात. शिकलेल्या माणसाच्या बोटाला शाई लागावी, तेल लागू नये, अशी आमची समजूत. पण परदेशात मामाने मागे हटावे, हेही बरे दिसले नसते.

नवा बिडाचा मॅनिफोल्ड आणावा तर तो काही वर्षांनी पुन्हा तसाच वाकणार. म्हणून भाच्याने हेडर मागवले. मराठीच्या मास्तराला हेडर म्हणजे मथळा वाटेल; इथे त्याचा अर्थ वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा जुडगा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, आणि चारही नळ्या पुढे एका तोंडात मिळतात. एका सिलिंडरचा धूर वेगाने पुढे गेला की त्याच्यामागे पोकळी होते आणि ती दुसऱ्याचा धूर ओढून घेते. त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. लांब नळ्यांचे हेडर घेतले तर ताकद आणखी वाढते. पण मग धुरातले विष मारणारे कन्व्हर्टर जागचे हलवावे लागते, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तसे करणे अमेरिकेच्या हवाशुद्धीच्या कायद्याला मान्य नाही. मिशिगनमध्ये दरवर्षी धूर तपासायला कोणी येत नाही. तरीही भाच्याने आखूड नळ्यांचेच, जुन्या पाइपाला जसेच्या तसे जुळणारे हेडर निवडले. मला हे आवडले. तपासणारा नसताना पाळलेला नियम हाच खरा नियम. नळ्या मुद्दाम गंज न धरणाऱ्या पोलादाच्या घेतल्या. मिठाशी गाठ होती ना!

सामान यायला चार दिवस होते. रोज संध्याकाळी बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारायचे, एवढेच काम. त्या सुट्टीत भाच्याने मला शहरातल्या कलासंग्रहालयात नेले. तिथल्या एका चौकाच्या चारही भिंतींवर दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ साली काढलेली सत्तावीस चित्रे आहेत. चित्रकार साम्यवादी आणि पैसे देणारा हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल! चित्रे खुली झाली तेव्हा ती नष्ट करा अशी ओरड झाली होती. २०१३ च्या दिवाळखोरीत हे संग्रहालयच विकायला निघते की काय अशी वेळ आली, तेव्हा धर्मादाय संस्थांनी, राज्याने आणि संग्रहालयाने मिळून ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तजवीज केली. तिच्यातून चित्रे वाचली आणि निवृत्त नोकरांच्या पेन्शनलाही आधार मिळाला. उत्तरेच्या भिंतीवर आठ सिलिंडरचे इंजिन तयार होत आहे. वरती जमिनीचे थर आणि त्यांतून उसळलेले प्रचंड हात. खाली भट्टी, ओतीव लोखंड आणि वाकलेल्या पाठींची रांगच्या रांग. मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या ओतशाळांतून परतणारे, भुवयांपर्यंत काळे झालेले कामगार मी लहानपणापासून पाहिले आहेत. साता समुद्रापलीकडच्या त्या भिंतीवर मला ओळखीची माणसे भेटली.

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. पुढची चाके काढून त्या कमानीतून आत हात घालायचा, अशी युक्ती होती. एका बाजूला सहा, असे एकूण बारा बोल्ट. त्यांतले दोन आधीच तुटलेले. उरलेल्या दहांपैकी नऊ कुरकुरत निघाले. दहावा पान्याखाली 'कट्' करून मोडला. त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला. व्हरांड्यातून म्हातारा उठला आणि काठी टेकीत आला. त्याने कमानीतून हात घातला, डोळे मिटून बोटांनी चाचपले आणि म्हणाला, "दोन बाहेर डोकावताहेत. तिसरा आत बुडालाय. छिद्र पाडू नकोस. पाते घसरले तर ॲल्युमिनियम खराब होईल. वेल्डरला बोलाव."

दोन घरे सोडून एक वेल्डर राहतो. त्याचे वडील लेबनॉनहून डिअरबॉर्नला आले. दुपारी तो आपले यंत्र ढकलीत घेऊन आला. त्याची रीत अशी: तुटक्या बोल्टाच्या टोकावर एक नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचे. वेल्ड पोलादाला धरते, ॲल्युमिनियमला धरत नाही. शिवाय त्या धगीने गंज सैल होतो. निवू द्यायचे, मग पाना लावून हळूच मागे-पुढे करायचे. पहिले दोन्ही बोल्ट असे निघाले. तिसरा मात्र खोल होता. त्याच्यावर आधी वेल्डचा थेंबावर थेंब रचून बुंधा उभा करावा लागला. पहिला नट तुटून आला. दुसराही तुटला. सूनबाईने पोहे आणि चहा आणून ठेवला होता, पण कोणी हात लावला नाही. तिसऱ्या वेळी म्हातारा म्हणाला, "आता घाई नको. शंभर आकडे मोज." आम्ही सगळ्यांनी मोजले, वेल्डरने अरबीत, म्हाताऱ्याने इंग्रजीत, आणि मी व माझ्या नातीने मराठीत. शंभर झाल्यावर भाच्याने पाना लावला. बोल्ट केसभर हलला. मग आणखी केसभर. आणि अखेर वेटोळ्यातून बाहेर पडणाऱ्या सापासारखा फिरत फिरत बाहेर आला.

पोहे गार झाले होते, पण तसे पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते.

रविवारी हेडर चढले. माथ्याचा चेहरा घासून लख्ख केला, नवी गॅस्केटे लावली आणि बोल्टांना न चिकटू देणारे वंगण चोपडले. आवळायचे ते मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत. पहिली फेरी अकरा फूट-पौंडांची, दुसरी अठरा. हे मोजणारा पाना वेगळा असतो. "जास्त आवळले म्हणजे जास्त पक्के, ही अडाण्याची समजूत," असे म्हाताऱ्याने बजावले. हे वाक्य मी पुढे वर्गात विद्यार्थ्यांच्या निबंधांबद्दल वापरले आहे.

इंजिन सुरू झाले तेव्हा नव्या नळ्यांवरचे तेल जळून धूर निघाला आणि पाच मिनिटांत थांबला. आवाज पूर्वीपेक्षा भारदस्त झाला होता. बीड आवाज गिळते, पातळ नळी गिळत नाही. पण टिकटिक? म्हाताऱ्याने मान तिरकी करून बराच वेळ ऐकले आणि नुसता हात हलवला. नाही. भाच्याने मात्र कानावर विसंबायचे नाकारले. कार्बन मोनॉक्साइड मोजणारी एक छोटी डबी त्याने मुलीच्या आसनावर ठेवली, काचा लावल्या, आतला पंखा सोडला आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवले. आकडा शून्यावरून हलला नाही. ती डबी सूनबाईने स्वतः वाचली आणि मगच किल्ली कपाटाबाहेर आली. गाडी तापून आणि निवून दोन-तीनदा झाल्यावर भाच्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासले.

जुने मॅनिफोल्ड वाटेवर पडले होते. म्हाताऱ्याने त्यांतले एक मांडीवर घेतले आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवले. "असली हजारो ओतली असतील मी," तो म्हणाला. "ही भेग बघ. अठरा वर्षे धरून राहिले. वाईट नाही." मी विचारले, आठवण म्हणून ठेवणार का? तो हसला. "कशाला? भंगारात द्या. वितळवतील आणि पुन्हा काहीतरी ओततील."

तिघांतले दोघे ज्या शहरातून उठून गेले, तिथे मागे राहिलेला तिसरा कोण, हा प्रश्न मला तिथे गेल्यापासून पडला होता. त्याचे उत्तर त्या सिमेंटच्या वाटेवर होते. एक पोलिश, एक लेबनानी आणि एक कोल्हापूरकडचा. वाडवडिलांना इथे खेचून आणणारे दिवसाला पाच डॉलर केव्हाच इतिहासजमा झाले. पण ज्या गावाने जेवू घातले, त्या गावाचे मोडलेले बोल्ट काढीत बसण्याची त्यांची तयारी आहे. खाल्ल्या मिठाला जागणे यापेक्षा वेगळे काय असते?

भाद्रपदात भाच्याकडून छायाचित्र आले. ट्रकच्या हौद्यात मखर बांधलेले, शेजारी ढोल, आणि पुढच्या आसनावरून खिडकीबाहेर हात काढून माझी नात ओरडते आहे. मागे, व्हरांड्यातल्या खुर्चीत म्हातारा. खाली भाच्याने लिहिले होते, "टिकटिक नाही. थंडी पडायच्या आत बोल्टांना पुन्हा एकदा वंगण लावणार आहे."